वाचकांचे प्रश्न : इस्रायली आणि पॅलेस्टिनी समाजांत समलिंगी माणसांचे स्थान

प्रश्न : समाजमाध्यमांवर दोन चित्रे एकाच वेळी फिरताना दिसतात. एकात तेल अवीवच्या समुद्रकिनाऱ्यावरची इंद्रधनुषी झेंड्यांची मिरवणूक असते, तर दुसऱ्यात ‘गाझामध्ये समलिंगी माणसाला कायद्याने मृत्युदंड आहे’ असा मजकूर असतो. या दोन्हींत तथ्य किती? (एक प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : पहिले चित्र खरे आहे. तेल अवीवच्या मिरवणुकीत 2019 साली सुमारे अडीच लाख लोक सहभागी झाले होते आणि आशिया खंडात एवढ्या मोठ्या मिरवणुका फारच थोड्या ठिकाणी निघतात. दुसरे विधान मात्र जसे लिहिले जाते तसे खरे नाही. अर्थात, त्यामुळे गाझातील समलिंगी माणसाचे आयुष्य सुरक्षित ठरते असा कोणी अर्थ काढू नये.

गाझामध्ये जे दंडविधान लागू आहे ते कुराणावरून घेतलेले नसून ब्रिटिश अंमलदारांनी 1936 साली पॅलेस्टाइनसाठी केलेले आहे. त्याच्या 152 व्या कलमानुसार पुरुषांमधील शरीरसंबंधासाठी 10 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याआधी तेथे उस्मानी तुर्कांचे राज्य होते आणि त्यांनी 1858 च्या दंडविधानात असा गुन्हाच ठेवलेला नव्हता, म्हणजे ही तरतूद तेथे इंग्रजांबरोबर आली. ज्या राज्यकर्त्यांनी आपल्याकडे 377 वे कलम आणले, त्यांचेच हेही काम होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळले, हे वाचकांना आठवत असेलच. इस्रायललाही 1948 मध्ये हेच ब्रिटिश दंडविधान वारशाने मिळाले होते. खासगीत, परस्परसंमतीने होणाऱ्या संबंधांबद्दल खटले भरू नयेत असे धोरण तेथे बऱ्याच आधीपासून असले, तरी संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ते कलम रद्द केले ते 1988 मध्ये. पॅलेस्टिनींचा दुसरा प्रदेश असलेल्या वेस्ट बँकची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे जॉर्डनचा कायदा चालतो आणि जॉर्डनने 1951 च्या दंडविधानातच हा गुन्हा वगळला होता. पुस्तकातल्या कायद्यापुरते पाहिले, तर वेस्ट बँकमधील रामल्ला शहरातला समलिंगी पुरुष तेल अवीवमधील पुरुषाच्या कितीतरी आधी गुन्हेगार ठरायचा थांबला, असे म्हणावे लागते.

परंतु माणूस दंडविधानात राहत नाही, घरात आणि गल्लीत राहतो. ‘अरब बॅरोमीटर’ या संस्थेने 2018-19 मध्ये बीबीसीसाठी केलेल्या पाहणीत समलैंगिकता स्वीकारार्ह आहे असे म्हणणारे पॅलेस्टिनी 5 टक्के निघाले, आणि शेजारच्या जॉर्डन व लेबनॉनमधील आकडेही 6-7 टक्क्यांच्या पुढे गेले नाहीत. गाझामध्ये हमासने फेब्रुवारी 2016 मध्ये आपल्याच एका सेनानीला गोळ्या घातल्या तेव्हा ‘वर्तनाचे आणि नीतीचे गुन्हे’ त्याने कबूल केल्याचे जाहीर केले. हा दंड कोणत्याही लिखित कलमाखाली झालेला नव्हता. अशा ठिकाणी कलमात काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून ‘कायद्याने मृत्युदंड’ हे विधान चुकीचे असले तरी त्यामागची भीती खोटी आहे असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या अलिबागकडची कितीतरी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील यहुदी, कुटुंबे इस्रायलला गेली. शनिवार पाळणारी, सोवळ्यात वागणारी ती माणसे आठवली की त्यांच्या धर्मात समलिंगी संबंधांना मान्यता असेल असे वाटत नाही. मग त्या देशाचा कायदा एवढा उदार कसा झाला? (एक ज्येष्ठ वाचक, रेवदंडा)

उत्तर : तुमचा अंदाज बरोबर आहे. तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे मराठी बायबल ज्याला लेवीय म्हणते त्यात, 18 व्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संग करणे निषिद्ध ठरवले आहे आणि 20 व्या अध्यायात त्यासाठी देहान्त शासन सांगितले आहे. मुसलमानांकडे लूताच्या लोकांची, म्हणजे अशा संबंधांमुळे देवाचा कोप ओढवून घेतलेल्या लोकांची, जी कथा आहे, तिचेही मूळ याच परंपरेत आहे. तेव्हा ग्रंथ उघडून यहुदी धर्म उदार आणि इस्लाम कठोर असे दाखवू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. फरक पडतो तो ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्या अधिकाऱ्याचे राज्यसंस्थेवर किती चालते यामुळे. अमेरिकेतील यहुद्यांच्या रिफॉर्म पंथाच्या धर्मगुरूंनी 2000 साली समलिंगी जोडप्यांचे विधी लावण्यास मुभा दिली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानेही 2006 मध्ये बरीच दारे उघडली. पण इस्रायलमध्ये धर्माचा अधिकृत कारभार सनातनी रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, हाती आहे आणि त्यांनी यातले काही मान्य केलेले नाही.

इस्रायलचा उदारपणा घडवला तो मुख्यतः न्यायालयांनी, आणि तोही तुकड्यातुकड्याने. 1992 मध्ये नोकरीतील भेदभावाला बंदी आली. 1994 मध्ये एल अल या विमान कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला इतर कर्मचाऱ्यांच्या पती-पत्नींप्रमाणे विमानाची तिकिटे मिळाली पाहिजेत असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि एका तिकिटावरून सुरू झालेले हे प्रकरण पुढच्या अनेक हक्कांचा आधार ठरले. 1993 मध्ये उझी एव्हन या शास्त्रज्ञाने क्नेसेटच्या समितीपुढे जाहीरपणे साक्ष दिली, की केवळ समलिंगी असल्यामुळे लष्करातील गुप्त संशोधनाच्या कामातून आपल्याला दूर करण्यात आले. त्यानंतर लष्कराने आपले नियम बदलले. जेथे बहुतेक यहुदी तरुण-तरुणींना गणवेश घालावा लागतो, तेथे लष्कराचे दार उघडणे म्हणजे समाजाचे दार उघडण्यासारखेच होते. हेच एव्हन 2002 मध्ये क्नेसेटचे पहिले उघडपणे समलिंगी सदस्य झाले.

विवाहाच्या बाबतीत मात्र हा देश आजही उस्मानी काळातच आहे. तेथे नागरी विवाहच नाही. यहुदी माणसाचा विवाह रब्बीच लावणार, मुसलमानाचा शरिया न्यायालय, ख्रिस्ती माणसाचा त्याचे चर्च. जो यांपैकी कोणाच्याच नियमांत बसत नाही त्याने परदेशात जावे. या मक्तेदारीचा चटका तुमच्या शेजाऱ्यांच्या आप्तांनीही सोसलेला आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या कार्यालयाने असा आदेश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना आपण यहुदी आहोत हे आता सिद्ध करावे लागणार होते. बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, क्नेसेटला त्यात लक्ष घालावे लागले आणि 1964 मध्ये तो आदेश मागे घेतला गेला. समलिंगी जोडप्यांना मात्र या दारातून प्रवेश मिळालेला नाही. त्यांनी वळसा घेतला : परदेशात झालेला त्यांचा विवाह सरकारने नोंदवून घ्यावा असा निकाल 2006 मध्ये झाला, आणि अमेरिकेतील युटा राज्याच्या अधिकाऱ्यांपुढे संगणकाच्या पडद्यावरून लावलेले विवाहही नोंदवावेत असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये मान्य केले. म्हणजे तेल अवीवमधील दिवाणखान्यात बसून अमेरिकेत लग्न करता येते, पण तेल अवीवमध्ये लग्न करता येत नाही.

लोकमतही तितके एकमुखी नाही. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2019 च्या पाहणीत इस्रायलमध्ये समलैंगिकता समाजाने स्वीकारावी म्हणणारे 47 टक्के होते आणि स्वीकारू नये म्हणणारे 45 टक्के. जेरुसलेम तेल अवीवपासून तासाभराच्या अंतरावर आहे, पण तेथे 2005 मध्ये ज्या सनातनी माणसाने मिरवणुकीतील लोकांवर सुरी चालवली, तोच शिक्षा भोगून तुरुंगातून सुटल्यानंतर तीन आठवड्यांनी, 2015 च्या मिरवणुकीत पुन्हा सुरी घेऊन शिरला. त्या दिवशी मित्रमंडळींना पाठिंबा द्यायला आलेल्या 16 वर्षांच्या मुलीचा जीव गेला. डिसेंबर 2022 पासून क्नेसेटचे सभापती अमीर ओहाना हे उघडपणे समलिंगी आहेत आणि ज्या आघाडीने त्यांना त्या खुर्चीवर बसवले, तिच्यात अशा मिरवणुकांवर बंदी आणावी म्हणणारा पक्षही होता.

प्रश्न : पॅलेस्टिनी समलिंगी तरुण जीव वाचवण्यासाठी इस्रायलमध्ये पळून जातात असे वाचले. तेथे त्यांना आश्रय मिळतो का? आणि मग तेथील समलिंगी चळवळीचे लोक इस्रायलवरच टीका का करतात? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पळून जातात हे खरे आहे. घरच्यांच्या मारहाणीला आणि बदनामीच्या नावाखाली होणाऱ्या हत्येला भिऊन वेस्ट बँकमधून तेल अवीवला पोहोचणारे तरुण अनेक वर्षांपासून आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये वेस्ट बँकमधील हेब्रोन येथे 25 वर्षांच्या एका पॅलेस्टिनी तरुणाचा शिरच्छेद केलेला मृतदेह सापडला. तो दोन वर्षे इस्रायलमध्ये राहून परदेशात आसरा मिळण्याची वाट पाहत होता. या घटनेने पॅलेस्टिनी समाजातही खळबळ उडाली. पण ‘आश्रय’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. इस्रायलने अशा तरुणांना वर्षानुवर्षे निर्वासिताचा दर्जा दिला नाही; त्यांना मिळत आले ते तात्पुरते परवाने. 2022 च्या मध्यापर्यंत त्या परवान्यांवर नोकरीही करता येत नव्हती, त्यामुळे ज्यांच्याजवळ पैसा नाही अशांना रस्त्यावर किंवा देहविक्रीत दिवस काढावे लागले.

चळवळीच्या टीकेमागे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत काळी बाजू आहे. सप्टेंबर 2014 मध्ये इस्रायली लष्कराच्या 8200 या हेरगिरी विभागातील 43 राखीव सैनिकांनी जाहीर पत्र लिहून सांगितले, की पॅलेस्टिनी नागरिकांच्या खासगी आयुष्याची, त्यात त्यांच्या लैंगिक कलाचीही, माहिती गोळा केली जाते आणि ती त्यांना खबरे बनवण्यासाठी वापरली जाते. लष्कराने हे आरोप नाकारले. पण त्याचा परिणाम वस्तीत काय होतो पाहा : मुलगा समलिंगी असल्याचे कळले की तो इस्रायलचा खबऱ्या असेल असा संशय पाठोपाठ येतो, आणि खबऱ्याला पॅलेस्टिनी समाजात दयामाया नाही. एकाच माणसाला घरचे धर्मभ्रष्ट ठरवतात, शेजारी देशद्रोही ठरवतात आणि सीमेपलीकडचा अधिकारी त्याच गुपिताच्या जोरावर त्याला वाकवू पाहतो.

‘अल-कौस’ ही पॅलेस्टिनी संघटना याच कोंडीत काम करते. 2001 मध्ये ती जेरुसलेममधील एका इस्रायली समलिंगी केंद्राचा उपक्रम म्हणून सुरू झाली आणि 2007 मध्ये स्वतंत्र झाली. ‘आम्हाला आमच्या समाजापासून सोडवून आणण्याचा आव आणू नका’ असा तिच्या भूमिकेचा सारांश सांगता येईल. मिरवणुकांची छायाचित्रे दाखवून पॅलेस्टिनी प्रदेशावरील इस्रायलच्या लष्करी ताब्यावर पांघरूण घालणे तिला मान्य नाही. याच संघटनेच्या कार्यक्रमांना पॅलेस्टिनी पोलिसांनी ऑगस्ट 2019 मध्ये ‘पॅलेस्टिनी समाजाच्या मूल्यांना बाधक’ म्हणून बंदी केली आणि लोकांना त्यांची माहिती कळवण्याचे आवाहन केले. ओरड झाल्यावर ते निवेदन मागे घेतले गेले. संघटनेची भूमिका मला समजते, पण ती पूर्ण पटत नाही. लष्करी ताबा उद्या संपला, तरी हेब्रोनच्या घराघरांतली ती दहशत आपोआप संपेल असे मानायला आधार दिसत नाही.

प्रश्न : इस्रायलमध्येच राहणारे, त्या देशाचे नागरिक असलेले अरब कोणत्या बाजूला आहेत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ते दोन्ही बाजूंना आहेत आणि 2020 च्या जुलैमध्ये त्यांच्यातला वाद चव्हाट्यावर आला. नाझरेथमधील ‘अल अर्ज’ या ताहिनी बनवणाऱ्या कंपनीच्या अरब मालकीणबाईंनी अरबी भाषिक समलिंगी तरुणांसाठी दूरध्वनीवरील मदतसेवा उभारावी म्हणून एका संघटनेला देणगी दिली. ताहिनी म्हणजे तिळाचे ते वाटण, ज्याशिवाय अरब घरातली न्याहारी होत नाही. बातमी पसरताच बहिष्काराची हाक देण्यात आली आणि काही अरब दुकानदारांनी फळ्यांवरच्या बरण्या उतरवल्या. त्याच महिन्यात समलिंगी माणसाला ‘बरे’ करण्याच्या नावाखाली होणाऱ्या उपचारांवर बंदी घालणारे विधेयक क्नेसेटमध्ये मतदानाला आले. अरब पक्षांच्या संयुक्त आघाडीतील अयमन ओदे आणि आयदा तूमा-सुलेमान यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले, तर त्याच आघाडीतील मन्सूर अब्बास यांच्या इस्लामी विचारांच्या ‘राम’ पक्षाने विरोधात. त्या आघाडीत जी फूट पडली तिच्या कारणांमध्ये हे मतदानही होते, आणि मार्च 2021 ची निवडणूक राम पक्षाने वेगळी लढवून 4 जागा जिंकल्या. या 4 जागांच्या जोरावर तो पक्ष त्याच वर्षी जूनमध्ये सत्ताधारी आघाडीत गेला. तिच्यात मेरेत्झ हा डावा पक्षही होता आणि त्याचे उघडपणे समलिंगी असलेले नेते नित्झान होरोविट्झ आरोग्यमंत्री झाले. क्नेसेटमधील ते विधेयक पुढे कायदा होऊ शकले नव्हते. होरोविट्झ यांच्या खात्याने फेब्रुवारी 2022 मध्ये परिपत्रक काढून त्या उपचारांना मनाई केली, आणि राम पक्ष तेव्हाही त्याच सरकारात होता.