जॉर्डनची नोकरी आणि दुबईचा हिशेब

इचलकरंजीहून एका वडिलांनी विचारलं आहे : मुलगा टेक्स्टाइल डिप्लोमा झालाय, सध्या गारमेंट कारखान्यात क्वालिटीला आहे. जॉर्डनमधल्या तयार कपड्यांच्या कारखान्यातून सुपरवायझरची ऑफर आलीय. एजंट म्हणतो, अरब देश आहे, दुबईसारखाच पैसा. पाठवू का?

नमस्कार.

पाठवायला हरकत नाही, पण दुबई आधी डोक्यातून काढा. जॉर्डनकडे तेल नाहीच म्हणा ना, आणि पाण्याची तर कायमचीच टंचाई. फॉस्फेट, मृत समुद्रातलं पोटॅश (आपल्याकडच्या खतांचा बराच कच्चा माल तिथूनच येतो), पर्यटन, परदेशी मदत आणि बाहेर गेलेल्या जॉर्डनी माणसांनी घरी धाडलेला पैसा, यावर देश चालतो. बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास. जिथे तिथलीच पोरं नोकरीसाठी आखातात जातात, तिथे दुबईचे पगार कुठून मिळणार?

मग तिथे कपड्यांचे कारखाने का? तर अमेरिकेमुळे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ठरावीक औद्योगिक वसाहतींतल्या मालाला तिकडे करमुक्त वाट मिळाली, २००१ पासून मुक्त व्यापार करार लागू झाला. इर्बिदजवळची अल हसन वसाहत आणि अम्मानजवळचं सहाब यावरच वाढलं. कापड बाहेरून येतं, शिवणारे हातही बहुतेक बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळचे. म्हणजे नोकरीची दोरी अमेरिकी ऑर्डरींच्या हाती. २०२५ मध्ये अमेरिकेने जॉर्डनवरही जादा आयातशुल्क लावलं. त्यामुळे कारखान्याचे ग्राहक कोण आणि पुढच्या ऑर्डरी किती, हे मुलाने मुलाखतीत बेधडक विचारावं.

भाषेचं फार टेन्शन नको. लाइनवर हिंदी चालून जाते, ऑफिसात इंग्रजी. खरी परीक्षा वागण्याची. हाताखाली जॉर्डनी मुलीही असतील. हस्तांदोलनासाठी त्यांच्यापुढे स्वतःहून हात करायचा नाही आणि चारचौघांत कुणालाही झापायचं नाही. आपल्याकडे लाइनवर आरडाओरडा चालतो, तिथे त्या माणसाची अब्रू गेली असं धरतात आणि ते विसरत नाहीत. कामाचं बोलणं घरच्यांची खुशाली विचारून, चहा-कॉफी घेऊन सुरू होतं. अरबी कॉफीचा छोटा पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झाली की तो हलकेच हलवून परत द्यायचा. सुट्टी शुक्रवारची. रमजानात दिवसा बाहेर खाणं-पिणं, सिगारेट बंद. ओळखीपाळखीवर कामं होतात, पण त्यात आपल्याला नवीन काय!

आता एजंटचं. त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर (परदेशी नोकरीसाठी भारत सरकारचं संकेतस्थळ) नोंदलेलं आहे का पाहा. नियमाने त्याला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, इतकंच घेता येतं. जास्त मागितले तर तिथेच थांबा. करारात पगार दिनारमध्ये की डॉलरमध्ये, जेवण-राहणं त्यातून कापणार का, ओव्हरटाइमचा दर आणि परतीचं तिकीट, हे लेखी हवं. वर्क परमिट त्या मालकाशी बांधलेलं असतं, मनात आलं म्हणून नोकरी बदलता येत नाही. 'बेटर वर्क जॉर्डन' हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा उपक्रम कारखान्यांची तपासणी करतो. कारखान्याचं नाव त्यांच्या संकेतस्थळावर शोधा.

आणि एक. तुमच्या दोन पानी पत्रात मुलाला काय वाटतं, ते एका ओळीतही नाही. पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.