आवाज येतो, शब्द येत नाहीत

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भर बैठकीत तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांनी, तुम्ही तरुण उपासनेत गाता त्या गाण्याला 'गोंगाट' म्हटलं आणि बाकीचे खाली मान घालून बसले. त्यांच्या बोलण्यापेक्षा बाकीच्यांचं गप्प बसणं तुला जास्त लागलं, हे ओळींमधून कळतंय. शेवटी तू लिहिलं आहेस, "त्यांना आम्ही नकोच आहोत." त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

तुझ्या वयाची असताना मीही गाणाऱ्यांच्या गटात होते. एक आजोबा दर रविवारी उपासना संपली की काठी टेकत पुढे यायचे आणि एवढंच म्हणायचे, "आवाज फार होतो, शब्द कळत नाहीत." आम्ही "हो आजोबा" म्हणायचो आणि त्यांची पाठ वळली की एकमेकांकडे बघायचो. काही महिन्यांनी ते मागच्या बाकावर बसू लागले, मग दाराजवळच्या खुर्चीवर, आणि मग यायचेच थांबले. वय झालं, असं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. त्यांच्या घरी जाऊन विचारावं, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

आज माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत, आणि आजोबा काय सांगत होते ते मला आता कळतं. वय वाढतं तसे बहुतेकांच्या कानाला उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती त्याच पट्टीतून. त्यामुळे स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. कुणीतरी गातंय हे कळतं, पण काय गातंय ते कळत नाही. त्यावर मोठा आवाज पुष्कळांना पूर्वीपेक्षा जास्त टोचतो. यंत्र आवाज वाढवतं खरं, पण ड्रमच्या दणक्यातून माणसाचा गळा वेगळा काढणं त्याला नीटसं जमत नाही. आजोबा अक्षरशः खरं तेच सांगत होते. आमच्या कानांवर मात्र ती नापसंती म्हणून पडली.

तुझ्या मंडळीतल्या त्या वडिलांचंही असंच असेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित त्यांना तुमची गाणी खरंच आवडत नसतील. पण तू विचारलं आहेस का? एकटीने, शांतपणे, त्यांच्याशेजारी बसून?

कधी कधी तक्रारीच्या तळाशी दुःख असतं. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट पुन्हा वाच. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत मंदिराचा नवा पाया घालतात. त्यांच्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्या याजकांनी आणि लेव्यांनी, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी, पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते उद्ध्वस्त होऊन सुमारे ५० वर्षं लोटली होती. पाया घातला जाताच हे म्हातारे मोठ्याने रडू लागतात, आणि त्याच वेळी बाकीचे आनंदाने जयघोष करतात. लिहिणारा सांगतो की रडणं कुठलं आणि जयघोष कुठला हे लोकांना ओळखता येईना, कारण आवाज फार मोठा होता आणि तो दूरवर ऐकू जात होता. तिथे कुणी कुणाला गप्प केल्याची नोंद नाही. रडणाऱ्यांना कुणी जुनाट म्हटलं नाही, ओरडणाऱ्यांना कुणी उथळ ठरवलं नाही. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. नव्या पायाशेजारी उभं राहून जुन्या मंदिरासाठी रडणारी माणसं तुमच्या मंडळीतही आहेत. ज्या गीतावर एखादीने आपल्या नवऱ्याला मूठमाती दिली, ते गीत वर्षभरात एकदाही गायलं गेलं नाही, तर तिचं काय हरवलं हे तिला धड सांगताही येत नाही. मग ती म्हणते, "हल्लीची गाणी काही खरी नाहीत."

आता दुसरी बाजू, कारण तुला नुसतं समजून घ्यायला सांगणं हा अन्याय होईल. 'तुझ्या तारुण्याला कुणी तुच्छ मानू नये' हे प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं वचन तुमच्या युवक सभेत पाठ असतं. पहिल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायाचं ते १२ वं वचन. त्यानंतर अवघ्या पाच वचनांनी पौल लिहितो की वृद्धाला टाकून बोलू नको, बापासारखा मानून त्याला बोध कर. मधे पाचवा अध्याय सुरू होतो म्हणून आपल्याला ते वेगळं वाटतं. पण अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात. तीमथ्याने हे सलग वाचलं असणार. आणि नीट बघ, पौल त्याला गप्प बस म्हणत नाही. बोध कर म्हणतो. तरुणाने वृद्धाला काही सांगायची वेळ येणार, हे त्याने गृहीतच धरलं आहे. प्रश्न फक्त कसं सांगायचं एवढाच.

कसं सांगायचं, ते मला लहानग्या शमुवेलाकडून शिकावंसं वाटतं. तो म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली सेवा करत असतो, आणि त्याच एलीच्या घराण्याविरुद्धचा कठोर संदेश देव त्याला रात्री हाक मारून देतो. तो सकाळपर्यंत पडून राहतो, उठून परमेश्वराच्या घराची दारं उघडतो, आणि एलीला सांगायला भितो. भीती असूनही त्याचं रोजचं काम चुकत नाही, हे मला विशेष वाटतं. मग एली स्वतःच त्याला बोलावतो, 'माझ्यापासून काही लपवू नको' म्हणतो, आणि शमुवेल सगळं सांगतो. एली बाप म्हणून चुकलेला होता, त्याची नजर मंदावली होती. तरी रात्रीची ती हाक देवाची आहे हे मुलाला ओळखायला शिकवलं ते त्यानेच. चुकलेल्या म्हाताऱ्यांकडूनही शिकण्यासारखं उरतं, मुली. आणि कडू बोल ऐकून घेणारे एलीही असतात. संधी मात्र त्यांना द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. मान राखणं म्हणजे अत्याचार झाकणं नव्हे. कुणी मोठा माणूस, पदावर असो वा नसो, कुणाच्या अंगाशी, अब्रूशी किंवा मंडळीच्या पैशांशी खेळत असेल, तर तिथे कान आणि दुःख यांची चर्चा करत बसू नको. त्याच पाचव्या अध्यायात वडिलांवरच्या आरोपांची चौकशी आहे आणि पाप करत राहणाऱ्यांना सर्वांदेखत दोष देणंही आहे. विश्वासाच्या माणसाला लगेच सांग, आणि कायद्याकडे जावं लागलं तर जा. मी तुझ्यासोबत येईन.

तुझं प्रकरण तसं नाही. म्हणून मंडळी सोडायचा विचार थोडा बाजूला ठेव. गाण्यांचे शब्द शनिवारीच मोठ्या अक्षरांत छापून घे आणि उपासनेआधी म्हाताऱ्यांच्या हातात स्वतः नेऊन दे. ड्रमचा आवाज उतरवा, गळे पुढे येऊ द्या. जुनं एखादं गीत दर रविवारी ठेवा, आणि ते कुठल्या चालीवर म्हणतात हे त्यांनाच विचारा. चालीवरून तुमच्यात वाद होईल. होऊ दे, त्या वादात तुम्ही एका बाकावर तरी बसाल. 'ज्येष्ठांसाठी कार्यक्रम' वगैरे काढू नका. त्यातून पुन्हा तेच होतं, हे त्या बाजूला आणि आपण या बाजूला. एकच माणूस निवड. वर्षभर त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना कर, आणि तुझ्या नोकरीच्या काळजीसाठी त्यालाही प्रार्थना करायला सांग. म्हाताऱ्या माणसाला मदत करणारे पुष्कळ भेटतात, त्याच्याकडे काही मागणारं कुणी भेटत नाही.

बैठकीत बोललेल्या त्या वडिलांपासून सुरुवात केलीस तर मला फार आनंद होईल. मी त्यांना बऱ्याच वर्षांपासून ओळखते. येत्या रविवारी उपासना संपली की जा. ते विश्वासात कसे आले, एवढंच विचार. बसताना उजव्या बाजूला बस, डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
तुझी मावशी