बोटीची मोटार दम टाकती? आधी टाकी बघ

भावा, लगेच मोटार खोलू नको. पाच मिनिटं झकास पळून मग दम टाकती म्हणतोस, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हाय का बघ, बंद राहिला की पेट्रोल ओढलं जात नाही आणि पायपातला पेट्रोल चढवायचा रबरी फुगा चपटा पडतो. २०१९ च्या महापुरात शिरोळकडं आमची बोट अशीच बंद पडली, माणसं भरलेली, काळजाचं पाणी झालं, स्क्रू सैल केला आणि लगेच उचललं. तरी नाही जमलं तर पॉवर पडताना फुगा दाबत राहा, जोर आला तर फिल्टर नाहीतर पंप. पंचगंगेत जलपर्णी लई, पंख्याला गुंडाळती, पाणी ओढायची जाळीपण बुजवती; मोटारीच्या मागची, इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक दिसली की इंजिन तिथंच बंद कर. आणि पंख्याला हात लावायच्या आधी किल स्विचची (ओढली की इंजिन बंद पडतं ती) दोरी काढच.