दुकानदारानं तुम्हाला काय विचारलं?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. विज्ञानाच्या प्रयोगांचे व्हिडिओ करतो आणि घरीच एडिट करतो. मागच्या वर्षी नवा कॅमेरा घेतला. तेव्हापासून टाइमलाइनवर क्लिप टाकली की आवाज पुढे पळतो आणि चित्र मागून अडखळत येतं. जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज त्याच मशीनवर सुरळीत चालतं. नवा कॅमेरा ४के, १०-बिट, ४:२:२, एचईव्हीसी, २०० एमबीपीएस असं रेकॉर्ड करतो. मशीनमध्ये इंटेलचा आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम, एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणि साधी हार्डडिस्क आहे. एडिटिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो, तर ते गृहस्थ पाऊण तास बोलले. कॅमेरा २०० एमबीचा आणि हार्डडिस्क जेमतेम १५० एमबी देते, म्हणून एनव्हीएमई एसएसडी ही वेगवान डिस्क घ्या. आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड घ्या, अडखळणं बंद. दोन डिस्क एकत्र चालवणारा रेड (RAID) बॉक्स घ्या, मग बॅकअपची चिंता नको. मॉनिटर मी महागातला बघत होतो, तो मात्र घेऊ नका म्हणाले. भाचा म्हणतो, मामा, तो तुम्हाला गंडवतोय. मला तो माणूस प्रामाणिक वाटला. कुणाचं ऐकू?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुकानदार काय काय म्हणाला ते सगळं त्यात आहे, पण त्यानं तुम्हाला काय विचारलं याबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही लिहायला विसरला असाल, तर गोष्ट वेगळी. पण फुटेज कुठलं, सॉफ्टवेअर कुठलं आणि तयार झालेला व्हिडिओ लोक कशावर बघणार, एवढं तरी पाऊण तासात विचारून व्हायला हवं होतं. जो हे विचारत नाही, त्याचं उत्तर आधीच तयार असतं आणि बहुधा ते मागच्या शेल्फवर ठेवलेलं असतं.

भाच्यालाही एक सांगा. विकणारा माणूस विकणारच, त्यात लबाडी काही नाही. मी टेपच्या जमान्यापासून एडिटिंग करते आणि इतक्या वर्षांत मला मिळालेले सगळ्यात चांगले सल्ले दुकानदारांचेच होते. सगळ्यात महागात पडलेलाही त्यांचाच. महाग सांगतो म्हणजे लबाड आणि स्वस्त सांगतो म्हणजे सज्जन, असा हिशेब या धंद्यात चालत नाही. म्हणून तुमच्या दुकानदाराचं एकेक म्हणणं हातात घेऊन बघू.

आधी ते २०० एमबी. कॅमेऱ्याच्या मेनूत जे एमबीपीएस लिहिलेलं असतं ते मेगाबिट. हार्डडिस्कचा वेग सांगतात तो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २०० ला ८ नं भागा. आले २५. म्हणजे तुमची क्लिप चालवायला सेकंदाला २५ मेगाबाइट लागतात आणि डिस्क देते १५०. तीन अँगल एकावर एक लावले तरी ७५. तुम्ही विज्ञान शिकवलंय, एकक न लिहिता मांडलेल्या गणिताला तुम्ही किती गुण द्यायचात?

एसएसडी वाईट असं नाही. सॉफ्टवेअर लवकर उघडतं, कॅश, म्हणजे तात्पुरत्या, फाइली भराभर लिहिल्या जातात, सवड झाली की जरूर घ्या. पण तुमचं अडखळणं तिच्यानं जाणार नाही, आणि दुकानदारानं ती नेमकी त्यासाठीच सुचवली.

बिट आणि बाइटची गल्लत मी भल्याभल्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यामुळे तेवढ्यावरून मी त्याला लबाड ठरवणार नाही. त्याच्यासमोर हा भागाकार करा आणि तो काय करतो ते बघा. ‘अरे हो, खरंच की’ म्हणून तो स्वतः कॅल्क्युलेटर काढून बसला, तर त्या माणसाला सोडू नका. ‘साहेब, ते कागदावर ठीक आहे, प्रॅक्टिकलमध्ये वेगळं असतं’ असं ऐकू आलं, तर पिशवी उचला.

आता ग्राफिक्स कार्ड. तुमची खरी भानगड इथे आहे. एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबून (कॉम्प्रेस करून) साठवायची पद्धत. तीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याचशा फ्रेममध्ये मागच्यापुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढीच नोंद असते. एक फ्रेम दाखवायची तर तिच्या आसपासच्या फ्रेम उलगडून ती नव्यानं उभी करावी लागते. हे काम करायला चिपमध्ये एक वेगळा कोपरा असतो, त्याला डिकोडर म्हणतात. तो तुमच्या फाइलचा नेमका प्रकार ओळखत नसेल, तर सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर येतं आणि चित्र अडखळतं. तुमच्या फाइलचा प्रकार ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा जास्त राखलेली. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ साठीचा डिकोडर आला तो २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. ४०७० हे ४० मालिकेतलं. कार्ड दणकट आहे, भारी कलर ग्रेडिंगला आणि नॉइज काढायला मीही ते सुचवीन. पण तुमचं अडखळणं ते घेतल्यावरही तसंच राहिलं असतं. सल्ला चांगलाच होता, फक्त दुसऱ्या कुणासाठी तरी.

गंमत पुढे आहे. ४:२:२ एचईव्हीसी उलगडणारा डिकोडर इंटेलच्या ११ व्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येच मिळतो. तुमचा प्रोसेसर १२ व्या पिढीचा आहे, पण त्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे. इंटेलच्या भाषेत एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेलं. मशीन जोडणाऱ्यानं थोडी बचत केली आणि तुम्हाला आज लागतो नेमका तोच भाग गेला. साधा आय५-१२४००, बिनएफचा, त्याच सॉकेटमध्ये बसतो. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगला इंटेल निवडायचं. मात्र ही सोय तुमच्याकडे असलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत आहे ना, ते आधी बघा. काही सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ती दिलेली नसते.

माझ्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि बाजूला ती अडखळणारी क्लिप चालवा. प्रोसेसर शंभराला टेकलाय, डिस्क जेमतेम हालतेय आणि ग्राफिक्सच्या पानावरचा ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख जमिनीवर सपाट, असं दिसलं तर माझं खरं. डिस्कच शंभरावर गेलेली दिसली, तर दुकानदाराची माफी मी मागेन. रॅमही तिथेच दिसेल. १६ पैकी १५ भरलेली असेल तर वाढवा, नसेल तर राहू द्या.

रेड बॉक्सबद्दल लिहिताना माझा आवाज थोडा चढतो, सांभाळून घ्या. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानदारानं मला असाच दोन डिस्कचा बॉक्स दिला होता. ‘एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं, मॅडम, निर्धास्त राहा.’ ४ टीबीच्या दोन डिस्क होत्या. घरी येऊन जोडला तर विंडोजनं ७.२७ टीबी जागा दाखवली. मी खूश! एकीची नक्कल दुसरीवर होत असती, तर मला निम्मीच, म्हणजे साडेतीनच्या वर थोडी जागा दिसायला हवी होती. सगळी दिसत होती, याचा अर्थ दोन्ही डिस्क जोडून एक केल्या होत्या. फाइलचा एक तुकडा इकडे, एक तिकडे, आणि कुठलीही एक गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं. आकडा समोर होता, मला फक्त तो वाचता आला नाही. पुढच्या वर्षी एक डिस्क टकटक करायला लागली. त्यात एका कामाच्या मुलाखती होत्या, तिघांच्या. दोघांच्या पुन्हा घेता आल्या. तिसऱ्या बाईंच्या घ्यायला मी गेले तेव्हा उशीर झाला होता.

त्या दुकानदारानं मला फसवलं असं मला आजही वाटत नाही. बॉक्स कसा सेट करून येतो ते त्यानं कधी उघडून बघितलंच नव्हतं. नुकसान मात्र तेवढंच झालं. आणि सेटिंग बरोबर असतं तरी ‘बॅकअपची चिंता नको’ हे खोटंच. नक्कल ठेवणाऱ्या बॉक्समध्ये तुम्ही चुकून फोल्डर उडवलंत की ते त्याच क्षणी दोन्हीकडून उडतं. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी ठेवलेली प्रत. तुमच्या पत्रातल्या चार सल्ल्यांपैकी मला राग आला तो फक्त याच्यावर, कारण बाकीचे चुकले तर पैसे जातात, हा चुकला तर फुटेज जातं.

मॉनिटरचं त्यांनी बरोबर सांगितलं. तुमचे व्हिडिओ विद्यार्थी बहुधा फोनवरच बघणार. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीचे नेहमीचे रंग, नीट दाखवणारा साधा मॉनिटर त्याला पुरतो. पण ‘स्वतःची विक्री सोडली, म्हणजे माणूस सच्चा’ अशी उडी मारू नका. छोटी विक्री सोडून मोठीसाठी भरवसा कमवायचा, ही चाल बाजारात जुनी आहे. तुमच्या दुकानदारानं ती खेळली असं मी म्हणत नाही. सल्ला खरा होता का एवढंच बघा. होता.

पुन्हा जाल तेव्हा स्वतःच्या कॅमेऱ्याची दोन मिनिटांची मूळ क्लिप घेऊन जा. पेन ड्राइव्हवरून थेट चालवू नका. आधी त्यांच्या मशीनच्या डिस्कवर कॉपी करा, नाहीतर पेन ड्राइव्हच अडखळेल आणि बदनाम कार्ड होईल. जे कार्ड किंवा जो प्रोसेसर घेणार, तोच असलेल्या मशीनवर तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाका, स्पेस दाबा, मधेच कर्सर पुढेमागे ओढा. दुकानातली नमुन्याची क्लिप कितीही सुंदर पळाली तरी ती तुमची नाही. क्लिप लावून बघायलाच कोणी नाखूश असेल, तर तेवढं पुरे आहे. आणि ‘हे घेऊनही अडखळलं तर?’ हा प्रश्न न लाजता विचारा. बदलून मिळणार असेल तर ते बिलावर लिहून घ्या, कार्डाच्या पूर्ण मॉडेल नावासकट.

अजून एक विचारा: ‘काहीच न घेता भागेल का?’ तुमचं भागेल. सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी बनवा. ती मूळ फाइलची हलकी नक्कल असते, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटचं रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, मूळ फाइलवरून होतं. किंवा कॅमेऱ्याच्या मेनूत ४:२:० चा पर्याय असेल तर तो निवडा, तुमच्या जुन्या कार्डालाही बहुधा तो पेलेल. हिरव्या पडद्यासमोर शूट करत नसाल आणि रंगांशी फार झटापट नसेल, तर परीक्षानळीतला निळा रंग दोन्हीत निळाच दिसेल.

टेपच्या दिवसांत माझ्या कॅप्चरमध्ये, म्हणजे टेपवरचं फुटेज मशीनमध्ये घेताना, फ्रेम गळत होत्या. डीव्ही टेप म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबाइट, तेवढंही मशीन गिळेना. मी नवं फायरवायर कार्ड, म्हणजे कॅमेरा मशीनला जोडायचं कार्ड, घ्यायला गेले. काउंटरवरच्या माणसानं कार्ड काढलंच नाही. कॅप्चर चालू असताना अँटीव्हायरस चालू असतो का, आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यावरच कॅप्चर करता का, असं त्यानं विचारलं. दोन्हीचं उत्तर हो. ‘मग आधी घरी जाऊन हे दोन बदल करा, नाही झालं तर कार्ड इथेच आहे,’ म्हणाला. झालं. त्यानंतर त्याच्याकडून मी कार्डच नव्हे, तीन अख्खी मशीनं घेतली.

प्रश्न: कॅमेऱ्याचं एचडीएमआय थेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक छोटं यूएसबी कॅप्चर डिव्हाइस बघितलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४के आहे, दुकानदारही ४के रेकॉर्ड होतं म्हणतो. मैत्रीण म्हणते होत नाही.

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात इनपुट, पास-थ्रू (दुसऱ्या स्क्रीनकडे तसंच पुढे जाणारं) आणि कॅप्चर असे वेगळे आकडे असतात. पुष्कळ डिव्हाइस ४के आत घेतात, कॉम्प्युटरला मात्र १०८०पी, म्हणजे फुल एचडीच, देतात. त्यातून यूएसबी २ चं असेल तर गणित आणखी सोपं. १०८०पी, ३० फ्रेम, न दाबता पाठवायचं तर सेकंदाला साधारण १२४ मेगाबाइट लागतात आणि यूएसबी २ ची कागदावरचीच मर्यादा ६० आहे. म्हणजे तिथे १०८०पीसुद्धा दाबूनच येतं. दुकानात ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडायला सांगा आणि डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमधली रिझोल्यूशनची यादी बघा. तिच्यात ३८४०×२१६० नसेल तर वाद तिथेच मिटला. रेकॉर्ड झालेली फाइल दाखवून तो ‘बघा, ४के’ म्हणाला तर मान हलवू नका. १०८०पीचं चित्र ताणून ४केची फाइल करणं सॉफ्टवेअरला सहज जमतं.