वादळात घराचं नुकसान झालं तर गृहकर्जाचं काय होतं? बँकेची जोखीम का वाढते?

घर पडलं तरी कर्ज उभंच राहतं आणि हप्ता भरावाच लागतो. त्यात दुरुस्ती, तात्पुरतं भाडं आणि बुडालेली कमाई एकदमच अंगावर येते, म्हणून थकबाकी वाढते.

पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवा. हप्ते थांबवण्याची सवलत मिळाली तरी व्याज थांबतंच असं नाही: ९ टक्के दराने ३ महिने हप्ते थांबले आणि व्याज मुद्दलात मिळवलं, तर बाकी सुमारे २.२७ टक्क्यांनी फुगते. झेपत असेल तर निदान व्याज तरी भरा.

विम्यात खरी मेख असते. वाऱ्याचं आणि पुराचं, दोन्ही नुकसान धरलेलं आहे का, ते पॉलिसीत तपासा. पॉलिसीत बँकेचा हक्क नोंदवलेला असेल तर भरपाई आधी तिच्याकडे जाऊ शकते. विमा उरलेल्या कर्जाएवढा नको, पुनर्बांधणीच्या खर्चाएवढा हवा. ढिगारा उपसण्याआधी फोटो काढा, लोक नेमकं हेच विसरतात.

बँकेला मार दुहेरी: कर्ज बुडण्याची शक्यता वाढते, त्याच वेळी तारणाची किंमत घसरते. १०० च्या घरावर ८० कर्ज असताना किंमत ७५ वर आली, तर घर विकूनही वसुली पुरी होत नाही. एकाच किनारपट्टीवर कर्जं वाटणाऱ्या छोट्या संस्थांना हे सर्वांत जड जातं.