पुलावरच्या पाण्याची वेळ

सांगली

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "आम्हाला बातम्या देता येत नाहीत, मग मी पत्रकार कसली?" या ओळीखाली तू रेघ मारली आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नियम तू लिहिलास तसाच आहे. सामुदायिक रेडिओला, म्हणजे गावासाठी चालणाऱ्या तुमच्यासारख्या छोट्या केंद्राला, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, स्वतःचं करता येत नाही. मला तो पटत नाही. ग्रामसभेत काय ठरलं हे गावच्या रेडिओनं गावाला का सांगू नये, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. पण हवामान, वाहतूक, वीज-पाण्याच्या सूचना, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, नैसर्गिक आपत्तीचे इशारे, हे सगळं त्याच नियमात बातमीबाहेर धरलंय. म्हणजे ते तुला देता येतं. पोरी, माझी निम्मी हयात रेडिओवर याच गोष्टी सांगण्यात गेली, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही त्यातच झाली.

2005 चा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी तासातासाला वाढत होती. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी सकाळी सहाची पातळी लिहून घेतली आणि अकराच्या सुमारास वाचली. आकडा बरोबर होता. तो सहाचा आहे, एवढंच सांगायचं राहिलं. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावातून एक शेतकरी मला भेटायला आले. म्हणाले, "तुमी सांगितलं तेवढंच पानी हाय म्हनून जनावरं सोडली न्हाईत." त्यांची म्हैस वाहून गेली होती. ते भांडले नाहीत, चहा घेऊन गेले. तेव्हापासून वेळेशिवाय आकडा मी कधी वाचला नाही. आधी वेळ, मग ठिकाण, मग आकडा, आणि तो आकडा पुन्हा एकदा. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही.

आणि आकड्यावर थांबू नकोस. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथल्या माणसांना पुलावरचं पाणी किती फुटांवर गेलं की आपल्या उंबऱ्याला लागतं, हे पाठ असतं. तुझ्या पल्ल्यातल्या गावांत असा हिशेब कुणाकडे आहे, ते पाऊस लागण्याआधी शोध. नावाडी असेल, पाणवठ्यावर कपडे धुणारी बाई असेल. सगळं एका वहीत उतरव. कोयना धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग, असा संदेश येईल. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. पण हे समजून कुणी गोठा रिकामा करत नाही. ते पाणी पाटणवरून येतं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग खाली आपल्याकडे. तुमच्या गावाला ते कधी लागेल, हे पाटबंधारेच्या माणसाला विचार आणि तेच सांग. शासकीय पत्रकात "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" असं असतं. सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? कुठला रस्ता बंद आहे, जनावरं कुठं न्यायची, नाव कुठून सुटते? हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नकोस.

2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. वीज गेली, टीव्ही मुके झाले, मोबाईलची बॅटरी उतरली. दोन सेलवर चालणारे रेडिओ तेवढे बोलत होते. तुमचा 100 वॅटचा ट्रान्समीटर दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, असं तू खंतावून लिहिलंस. त्या दहा-पंधरा किलोमीटरात अशा वेळी दुसरं कोण बोलणार आहे?

गावाच्या नावापुढे तालुका लावत जा. बोरगाव वाळव्यात आहे आणि साताऱ्यातही. पूल बंद असल्याचं नुसतं "बोरगाव" म्हणून सांगितलंस, तर दोन्हीकडचे लोक घाबरतील, आणि पुढच्या वेळी दोन्हीकडचे विश्वास ठेवणार नाहीत.

बाजारभावाचंही तसंच. सांगलीच्या हळदीचा किंवा तासगावच्या बेदाण्याचा सगळ्यात चढा दर वाचायला बरा वाटतो, पण तो एखाद्याच मालाला मिळालेला असतो. तो ऐकून कुणी टेम्पो भरून निघाला आणि हाती त्याहून कमी पडलं, तर तो भाड्याचा हिशेब तुझ्या नावावर मांडेल. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही दर बाजार समितीकडे असतात. सर्वसाधारण आधी वाच.

चूक होईलच. झाली की त्याच वेळेच्या कार्यक्रमात, दोन-तीन दिवस, आपल्या तोंडानं सुधार. ती चूक ऐकलेला माणूस त्याच वेळेला रेडिओ लावतो. मी त्या पातळीची दुरुस्ती कधीच वाचली नाही. पूर ओसरला होता, आता काय उपयोग, असं वाटलं. ते अजून सलतं.

आता तू पाठवलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल. टँकरची वाट पाहणाऱ्या त्या आजी पहिली दोन मिनिटं शाळेच्या पुस्तकासारखं बोलतात, कारण तुझा माईक त्यांच्या तोंडासमोर आहे. मग मागे घागर आपटते, त्या कुणावर तरी ओरडतात, आणि तिथून खऱ्या बोलायला लागतात. "चार रोज झालं, अंगाला पानी न्हाई." नेमकं तिथे तू कापलंस. बोली अशुद्ध वाटली असेल, किंवा घागरीचा आवाज नको वाटला असेल. ऐकणाऱ्या घराघरात अशीच घागर आहे ग. माईक थोडा खाली, छातीजवळ धर, प्रश्न कमी विचार, आणि त्या गप्प झाल्या तरी लगेच बोलू नकोस.

ते मुद्रण न कापता, घागरीसकट, मला परत पाठव. आणि टँकर शेवटी कुठल्या दिवशी, किती वाजता आला, तेही लिही. तुझ्या पत्रात ते कुठेच नाही.

तुझा,
काका