म्युनिकचा रविवार आणि शनिवारची धावपळ

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. बायको आणि दीड वर्षाच्या मुलीसह शनिवारी रात्री म्युनिकला उतरताय, तर रविवारी खरंच सगळं बंद असतं का? आणि चर्चचा नियम सरकारने इतरांवर का लादावा?

बंद म्हणजे बंदच. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात दुकानं शनिवारी रात्री 8 ला मिटतात ती सोमवारी उघडतात. जमलं तर शुक्रवारचं तिकीट काढा. नाहीतर विमानतळावरचं एडेका सुपरमार्केट गाठा, ते रविवारीही चालू असतं. दूध, ब्रेड, अंडी, डायपर तिथूनच उचला. तापाचं औषध मात्र मुलीच्या डॉक्टरांना विचारून भारतातूनच आणा, कारण जर्मनीत साधं पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही. रविवारी औषधाची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात. आज कुणाची पाळी, ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. बेल वाजवायची, खिडकीतून औषध मिळतं, वर अडीच युरो जास्त. डॉक्टरसाठी 116117, जिवावरचं असेल तर 112.

सुट्टी शनिवारी आली की फजिती होते. 2026 मध्ये 3 ऑक्टोबर, म्हणजे जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी, शनिवारी आहे, म्हणजे किराणा शुक्रवारीच भरायचा.

रविवारी घरातही नियम आहेत. कपाट जोडायला ड्रिल लावलंत की शेजारी दार ठोठावणार. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या कचरापेटीत त्या दिवशी टाकायच्या नाहीत, कारण फुटताना आवाज होतो. दुपारी मिनिटभर मिक्सर फिरवला तर कुणी काही म्हणत नाही. वॉशिंग मशीनचं मात्र भाडेकरारासोबतच्या नियमावलीत बघून घ्या.

आता कायद्याचं. रविवारचं कलम जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेतलं, 1949 च्या आजच्या राज्यघटनेत ते जसंच्या तसं ठेवलं गेलं. त्यात येशूचं नाव नाही. कामापासून विश्रांती आणि मनाची उन्नती यांसाठी हा दिवस राखलाय. 2006 मध्ये बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते. चर्च कोर्टात गेली आणि 2009 मध्ये जिंकली. पण रविवारच्या या लढ्यात चर्चच्या बाजूला वेर्डी ही कामगार संघटनाही असते. ज्यांना रविवारी काम करावंच लागतं त्यांनाही वर्षाला किमान 15 रविवार मोकळे आणि बदली सुट्टी कायद्यानेच मिळते. सक्ती नसेल तर शेजारचा उघडतो म्हणून प्रत्येकालाच दुकान उघडावं लागेल. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागत होते तेव्हा खंडोबाचा वारही पुढे केला होता. 1890 मध्ये सुट्टी मिळाली ती सगळ्यांनाच. म्हणून दुकानबंदी मला पटते. गुड फ्रायडेला नाचाच्या कार्यक्रमांवर बंदी असते, ती नाही पटत. तिथे विश्रांती कुणाचीच नाही, नुसती श्रद्धा लादलेली.

तसाच घोळ बिनमाणसांच्या दुकानांचा. हेसे या जर्मन राज्यात 2023 साली कोर्टाने अशी दुकानंही रविवारी बंद करायला लावली, आत एकही कर्मचारी नसताना! पुढच्या वर्षी तिथला कायदाच बदलावा लागला. बव्हेरियाने ऑगस्ट 2025 पासून 150 चौरस मीटरपर्यंतच्या अशा दुकानांना परवानगी दिली आहे. घर बघताना असं एखादं जवळपास आहे का विचारा. बऱ्याच ठिकाणी दार बँकेच्या कार्डाने उघडतं, तेव्हा भारतातल्या कार्डावर परदेशी व्यवहार निघण्याआधीच सुरू करून घ्या.